पाणी खा, दादा

या मित्रांनो, जरा जवळ या. माझ्या पायरीवर बसलात तरी चालेल, फक्त डाव्या बाजूच्या पत्र्याला टेकू नका, तो गंजला आहे. बसलात? आता तुम्हाला एक गोष्ट सांगते. एकाच शब्दाने दोन सख्ख्या भावंडांमध्ये सहा वर्षं विष कालवलं आणि त्याच शब्दाने ते उतरवलं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. डोळे म्हणजे दिवे. त्यातला एकच आता धड लागतो.

मी एक जुनी गाडी आहे. लांबट, उंच छपराची, एके काळची पांढरी. कुठल्या तरी कारखान्यात अनेक हातांनी मला जोडलं. त्यातले कुणाचे हात कुठल्या स्क्रूवर फिरले ते मला ठाऊक नाही, पण कीर्तनात बुवा आधी वंदन करतात आणि मग कथेला हात घालतात, तसं मीही त्या सगळ्या हातांना आधी वंदन करते.

तिथून मी कोलकात्याला आले, थेट बागबाजारात, एका कीर्तन मंडळीकडे. ते बंगाली कीर्तन. तिथे मृदंगाऐवजी खोल वाजतो, टाळांना करताल म्हणतात, आणि गाता गाता ऐकणारे रडायला लागतात. मंडळीचे मुख्य गायक हरिपदबाबू. माझ्या टपावर पेटी बांधायची, आत दहा माणसं कोंबायची, आणि गावोगाव कीर्तनाला न्यायचं, हे माझं काम. विश्वकर्मा पूजेला माझ्या कपाळावर कुंकू लागे, गळ्यात जास्वंदीची माळ पडे. त्या दिवशी मी स्वतःला इंद्राचा रथ समजत असे.

हरिपदबाबूंच्या तोंडी एक शब्द कायम असे. खोलवाल्याचा ताल चुकला की ते म्हणत, "चेष्टा कोरो, बाबा, चेष्टा कोरो." तुम्ही हसलात ना? हसणारच. आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल. पण बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. "प्रयत्न कर, बाळा", एवढंच ते सांगत. हा शब्द मनात धरून ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

हरिपदबाबू गेले आणि मंडळी विखुरली. मी कालव्याकाठी उभी राहिले. तीन पावसाळे गेले. माझ्या सीटवर कुत्री व्याली, माझ्या पाठीवर लोकांनी पान थुंकलं, आणि ज्यांना मी देवाच्या दारी नेलं होतं तेच जवळून जाताना नाक मुरडू लागले. खरं सांगते, त्या दिवसांत मी माणसांचा मनापासून द्वेष केला.

मग एक दिवस चैत्राली आली. पुण्याकडची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, पाच वर्षं कोलकात्यात राहून फर्डं बंगाली बोलणारी. मंडळीतले एक म्हातारे खोलवाले माझ्या किल्ल्या देताना म्हणाले, "घोड्यांवरून लुटायला येणाऱ्या मराठा बर्गींच्या भीतीने आमच्या वाडवडिलांनी इथे खंदक खणला होता. आणि आज बर्गींचीच पोर येऊन आमची गाडी पळवते आहे!"

"घोडा नाही हो, आजोबा, म्हणून गाडी नेते," चैत्राली बंगालीत म्हणाली, आणि म्हातारे हसता हसता रडले.

तिने मला घर केलं. मागे लाकडी पलंग, त्याच्याखाली पाण्याची टाकी, कोपऱ्यात लहानशी शेगडी, खिडक्यांना जांभळे पडदे. हरिपदबाबूंनी चिकटवलेलं राधाकृष्णाचं चित्र तिने काढलं नाही. ती फोनवर आईशी तासन्‌तास बोले, तेवढ्यावर मी मराठी शिकले.

पुढे तिच्या बाबांची, विनायकरावांची, नोकरीतली शेवटची बदली कोलकात्याला झाली. ते सरकारी कंपनीत मोठे अधिकारी. पत्नी शैलाताईंसह ते बालीगंजच्या क्वार्टरमध्ये आले आणि चैत्रालीही त्यांच्याकडे राहायला गेली. शैलाताईंनी माझ्यात पाऊल टाकल्या टाकल्या राधाकृष्णाशेजारी विठ्ठलाची तसबीर लावली. "देव एकच," त्या म्हणाल्या, "इथे बासरी वाजवतो, तिथे वाजवून दमला म्हणून कमरेवर हात ठेवून उभा आहे."

विनायकरावांनी मात्र पहिल्या दिवशी माझ्या चाकाला लाथ मारली.

"भंगार आहे हे. कुणी दिलं तुला, चैतू? आणि तू घेतलंस?"

माझी आणि त्यांची तेव्हापासून जुंपली. ते बसले की मी मुद्दाम सुरू होत नसे, असं ते म्हणत. मुद्दाम नव्हे, मित्रांनो. पण ते उतरल्यावर मी चटकन सुरू होत असे, हे खरं आहे.

त्यांचा राग नुसता माझ्यावर नव्हता. सगळ्या बंगालवर होता. कुणी बंगालीत बोललं की ते तोंड फिरवून इंग्रजीत उत्तर देत. भाजीवाला "दादा" म्हणाला की भडकत. "ज्याने त्याने दादा म्हणायचं! मी काय साऱ्या गावाचा दादा आहे?" कारण ते खरोखर एकीचेच दादा होते, आणि तिच्याशी ते सहा वर्षं बोलले नव्हते.

ती देवयानी, त्यांची धाकटी बहीण. तीस वर्षांपूर्वी एका बंगाली शिक्षकाशी लग्न करून ती कालिंपाँगच्या डोंगरात गेली, आणि यजमान गेल्यावरही तिथेच राहिली. सहा वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा विनायकराव आणि शैलाताईंनी रात्रंदिवस तिची सेवा केली. देशभर गाड्या बंद होत्या ते दिवस. देवयानी येऊच शकली नाही. आई गेल्यावर तिने भावाला फोनवर दोन ओळी लिहिल्या. त्या वाचून विनायकरावांनी लिहिलं, "आजपासून मला बहीण नाही." त्या दोन ओळी काय होत्या ते त्यांनी बायकोलाही दाखवलं नाही. "नको ते लिहिलं तिने," एवढंच सांगितलं.

जाताना आई बोलली होती, "माझे टाळ देवूला दे." आई कीर्तनवेडी. गावात कुणाचंही कीर्तन असो, ही पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसलेली. ते टाळ सहा वर्षं कपाटात पडून होते.

दिवाळी आली तसा शैलाताईंनी विषय काढला. "अहो, पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर, आपण परत जाणार. एवढ्या जवळ येऊन सासूबाईंची शेवटची इच्छा तशीच ठेवायची?"

विनायकरावांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ. भाऊबीजेलाच जाऊ. टाळ तिच्या उंबऱ्यावर ठेवीन आणि तिथूनच मागे फिरीन. तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. तिला एकदा कळू दे."

"भाऊबीजेच्या दिवशी?" चैत्राली म्हणाली. "बाबा, त्यापेक्षा टाळ पोस्टाने पाठवा. त्यापेक्षा ते बरं."

"तुला गाडी चालवायची आहे की शहाणपण शिकवायचं आहे?"

माणसाने बहिणीच्या दारात जाऊन, ओवाळायच्या दिवशी, तहानलेल्या तोंडाने परत फिरायचं. मी खूप ठिकाणी कीर्तनं ऐकली, पण एवढं क्रूर आख्यान कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या कामाला मीच जाणार होते.

आम्ही निघालो. चैत्राली चालवत होती, विनायकराव तिच्या शेजारी, मागे शैलाताई आणि कापडात गुंडाळलेले टाळ. रस्त्याला खड्डा लागला की ते किणकिणत. किणकिणले की विनायकराव चमकून मागे बघत आणि मग दुप्पट चिडत.

"ही गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

"तुम्ही सकाळपासून आरवताय ना," शैलाताई मागून म्हणाल्या, "मग खुराडंच."

कृष्णनगर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काश गवताचे पांढरे तुरे सुकत आले होते, शेतात भात पिवळा झाला होता, आणि माझ्या पोटात तीन माणसं तीन दिशांना तोंडं करून बसली होती.

फरक्क्याला गंगा ओलांडून पुढे एका चहाच्या दुकानापाशी मी थांबले. मायलेकी उतरल्या. विनायकराव एकटेच आत राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला, जुन्या संदेशांत खूप मागे मागे गेले, आणि स्वतःलाच ऐकवावं तसं हळू वाचलं, "दादा, आईला वाचवायची तू फार चेष्टा केलीस. आता स्वतःकडे बघ."

मित्रांनो, माझं इंजिन बंद होतं, तरी मी आतून थरथरले.

मला कळलं! तिने लिहिलं होतं, तू फार प्रयत्न केलास, दादा, आता स्वतःला जप. तीस वर्षं बंगालीत राहून तिच्या मराठीत तो शब्द केव्हा शिरला ते तिला कळलंच नसेल. आणि याने वाचलं, तू आईच्या जिवाची थट्टा केलीस, जरा स्वतःकडे बघ! ज्याने आईचं अंथरूण स्वतःच्या हाताने बदललं, त्याने हे वाचलं.

त्या सगळ्या रस्त्यावर हे जाणणारी एकटी मी, आणि मला तोंड नाही. एक भोंगा आहे, तोही दुसऱ्याच्या हातात. माझ्या भोंग्याची एक तार सैल होती, ती कधी कधी आपोआप चिकटे. मी देवाचा धावा केला आणि तार चिकटली. मी एकदाच जोरात ओरडले.

विनायकरावांनी माझ्यावर मूठ आपटली. "गप बस, भंगारा!"

मी गप बसले. दुसरं काय करणार?

वाटेत दोन मुक्काम करून भाऊबीजेच्या सकाळी आम्ही सेवक नावाच्या गावापुढे डोंगरात शिरलो. खाली हिरवी तिस्ता नदी, वर साल वृक्षांचं जंगल, आणि वळणावळणाला पाठीमागून भोंगे वाजवणारे ट्रक. "म्हातारीला घरी ठेवा!" एक ड्रायव्हर ओरडून गेला. तिस्ताबाजार सोडून कालिंपाँगचा चढ लागला आणि माझ्या छातीत कळ आली. फाट्‌ करून पंख्याचा पट्टा तुटला. मी वाफ सोडत एका वळणावर थांबले.

"झालं!" विनायकराव खाली उतरले. "सांगितलं होतं मी. भंगारात बसून माणसाने भंगारच व्हायचं."

वळणापलीकडे एक मिस्त्रीचं दुकान होतं. निताई मिस्त्री, चाळिशीतला बंगाली माणूस. दार ओढून घेऊन निघण्याच्या बेतात होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात मिठाईचा डबा, दारात त्याची जुनी जीप. बंगालमध्ये भाऊबीजेलाच भाईफोंटा असतो, बहीण भावाच्या कपाळाला फोंटा म्हणजे टिळा लावते. तोही बहिणीकडे निघाला होता. चैत्रालीने हाक मारली, तसा त्याने डबा दगडावर ठेवला, सदरा काढून खिळ्याला लावला आणि माझ्या पोटात डोकं घातलं.

दीड तास गेला. या मापाचा पट्टा त्याच्याकडे नव्हता. एक लावून बघितला, निसटला. दुसरा लावला, तोही निसटला. विनायकराव रस्त्यावर येरझारा घालत होते. शेवटी त्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले. "होगा कि नहीं होगा?"

निताईने काळ्या हाताने कपाळ पुसलं. "चेष्टा कोरछि, दादा."

विनायकराव जागच्या जागी ताठ झाले. "क्या बोला? मेरा चेष्टा करता है?"

"हां, दादा," निताई मनापासून म्हणाला, "आपका ही चेष्टा करता है. पूरा चेष्टा करेगा!"

विनायकरावांनी त्याचा बनियन मुठीत धरला आणि त्याला माझ्या पत्र्यावर दाबलं. "सगळे सारखे! आमच्या घरातलं मरण असो, नाहीतर गाडी असो, तुम्हाला चेष्टा सुचते!"

"बाबा, सोडा त्याला!" चैत्राली मध्ये घुसली. "चेष्टा म्हणजे प्रयत्न! प्रयत्न करतोय म्हणून सांगतोय तो बिचारा!"

"काय म्हणालीस?"

"प्रयत्न, बाबा. इथे सगळे तेच म्हणतात. माझा बॉस रोज दहा वेळा म्हणतो. आपण म्हणतो ती चेष्टा नाही ती."

विनायकरावांची मूठ सुटली. ते मागे सरकत आले आणि माझ्या याच पायरीवर बसले, जिथे तुम्ही बसला आहात. त्यांनी फोन काढला आणि शैलाताईंच्या हातात दिला.

शैलाताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं त्या रडतील. त्या संतापल्या.

"सहा वर्षं! सहा वर्षं हे तुम्ही मला दाखवलं नाहीत? अहो, चैतूला जरी दाखवलं असतंत तरी तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. ती तुमचं कौतुक करत होती हो! आणि तुम्ही तिला मारून टाकलंत."

विनायकराव मागे वळले. टाळांची पुरचुंडी त्यांनी मागून ओढून मांडीवर घेतली. टाळ किणकिणले, पण या वेळी ते चिडले नाहीत.

तोवर निताई आपल्या जीपकडे गेला होता. काय करतोय ते त्या तिघांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. पाऊण तासाने त्याने माझं झाकण आपटलं. "होये गेछे, दादा!" मी पहिल्याच झटक्याला सुरू झाले. विनायकराव घाईत होते, त्यांना आता कधी एकदा पोहोचतो असं झालं होतं. ते निताईची माफी न मागताच आत बसले.

कालिंपाँगला पोहोचेतो सूर्य बुडाला होता. देवयानीचं लाकडी घर उतारावर, अंगणात संत्र्याचं झाड. मी फाटकाशी उभी राहिले. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. हातात निरांजनाचं ताट होतं, आणि समोरच्या डोंगरावर नखाएवढी बीजेची कोर. ज्या बाईला भाऊ नाही ती आपल्याकडे चंद्राला ओवाळते. ती चंद्राला ओवाळत होती.

विनायकराव उतरले. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "देवू, चंद्राला कशाला?"

ती वळली. ताट हातातून पडेल असं मला वाटलं, पण पडलं नाही. "तुला बहीण नाही म्हणालास," ती म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. "मग मला भाऊ कुठून असणार? सहा वर्षं हाच आहे. हा निदान लिहीत तरी नाही काही."

"देवू, तुझ्या त्या ओळी..."

"मी आले नाही म्हणून रागावलास ना? ये म्हणाला असतास तर मी चालत आले असते! रोज मनात चालते आहे. सहा वर्षं दादा, सहा वर्षं स्वतःला शिव्या घालते आहे मी!"

"त्यासाठी नव्हतो गं रागावलो." विनायकराव तिथेच खाली, माझ्या चाकाशी बसले. "चेष्टा लिहिलं होतंस तू. मी मराठी चेष्टा वाचली."

देवयानीला आधी कळलंच नाही. ती चैत्रालीकडे बघू लागली. "मग? चेष्टाच तर केलीस तू. केवढी चेष्टा केलीस..." आणि बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा. मराठीत म्हणजे... दादा, अरे, मी काय लिहून बसले!"

"तू बरोबर लिहिलंस. मी विचारायचीसुद्धा चेष्टा केली नाही. बंगाली चेष्टा."

मग दोघंही रडली, आणि रडता रडता शैलाताईंना एकदम हसू फुटलं, तेव्हा देवयानीही हसली. तिने ताट चैत्रालीकडे दिलं, आत पळाली, आणि तांब्या घेऊन आली. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. तिची जीभ तीस वर्षांची सवय कुठे सोडणार?

"आधी पाणी खा, दादा."

विनायकरावांनी तांब्याकडे पाहिलं. "शैला, तिच्या घरचं पाणी पिणार नाही असं म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतात."

"खाणार नाही असं नव्हतो म्हणालो." आणि त्यांनी अख्खा तांब्या घशात रिकामा केला.

त्या संध्याकाळी अंगणात पाट मांडला गेला. ओवाळताना आईचे टाळ वाजले. माझा एक दिवा चैत्रालीने लावून ठेवला होता.

चार दिवसांनी उतरताना विनायकरावांनीच सांगितलं, "चैतू, त्या मिस्त्रीपाशी थांब. माफी मागायची आहे." देवयानीने केलेल्या करंज्यांचा डबा त्यांच्या मांडीवर होता. पण दुकान बंद. जीप तिथेच होती. शेजारच्या चहावाल्या बाईंनी सांगितलं, "तो गावाला गेलाय बहिणीकडे. जीपचा पट्टा काढून कुठल्या तरी गाडीला दिला ना त्या दिवशी. खाली तिस्ताबाजारपर्यंत चालत गेला बस पकडायला. पोहोचेपर्यंत रात्र झाली असेल. बहीण उपाशी बसते फोंटा देईपर्यंत."

विनायकरावांनी माझ्या नाकाड्यावर हात ठेवला. ज्या चाकाला लाथ मारली होती त्याच्याशीच ते उभे होते. डबा त्यांनी बाईंकडे ठेवला आणि बंद दाराकडे बघून म्हणाले, "दादा, भेटायची चेष्टा केली."

आता मी बालीगंजच्या गल्लीत उभी असते. माझं वय झालं आहे, एक दिवस मला तोडायला नेतील. त्याचं मला दुःख नाही. जुन्या वस्तूला लाथ मारण्याआधी एकदा तिच्यात कोण कोण बसून गेलं ते आठवा, आणि कुणाचा शब्द बोचला तर आधी त्याला विचारा, एवढंच माझं मागणं. आणि आणखी एक, मित्रांनो. त्या चढावर ज्याला माझ्या पत्र्यावर दाबून धरलं, जो स्वतःच्या बहिणीकडे उशिरा पोहोचला म्हणून दुसरी बहीण भावाला भेटली, त्याचा पट्टा आजही माझ्या पोटात फिरतो आहे. त्याला अजून कुणी 'माफ कर' म्हटलेलं नाही. बीजेची कोर दिसेल तेव्हा निताई मिस्त्रीची आठवण काढा.